गुणगुणणं थांबलं म्हणून गाण्याचा क्लास सोडावा का?

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी दहा वर्षांची. चार वर्षांची असल्यापासून गाते. आरत्या, मालिकांची शीर्षकगीतं, शाळेतली प्रार्थना, एकदा कानावर पडलं की गळ्यात उतरलंच. सगळे म्हणायचे, देवाने गळा दिलाय. दीड वर्षापूर्वी तिला शास्त्रीय गाण्याच्या क्लासला घातलं. तिथे अजून सा, अलंकार (स्वरांचे पलटे) आणि भूप रागाची सरगम एवढंच चाललंय. बाईंचं म्हणणं, आधीचं सगळं विसरायचं, मग शिकायचं. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत मुलीचं घरातलं गुणगुणणं बंद झालं. आंघोळ करतानाही आवाज येत नाही. वडील म्हणतात, निसर्गाने दिलेलं शिस्तीने मारलं, क्लास बंद करा. ताईंचा जीव दोन्हीकडे ओढतोय.

ताई, मी सत्तावीस वर्षं गाणं शिकवते, त्यात निम्म्याहून जास्त मुलं सात ते चौदा वयाची. तुमचं ते आंघोळीचं वाक्य वाचून मी बराच वेळ त्यावरच अडून राहिले. क्लासमधली प्रगती, परीक्षा, बाईंची पद्धत हे सगळं नंतर. गाणारं मूल एकटं असताना गप्प झालं, तर ते का झालं हे आधी शोधायला हवं. क्लास ठेवायचा की सोडायचा याचं उत्तर त्यातून आपोआप निघेल. तुमच्या मुलीला मी ऐकलेलं नाही, तिच्या बाईंना मी ओळखत नाही. म्हणून पुढे जे लिहिते ते तुम्ही तुमच्या घरी पडताळून घ्या.

माझ्या पाहण्यात मुलं दोन कारणांनी गप्प होतात आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

पहिलं कारण असं की कान पुढे जातो आणि गळा मागे राहतो. चार वर्षांचं मूल गातं तेव्हा त्याला स्वतःचा स्वर ऐकू येतो, पण तो तपासावा असं त्याच्या मनातही नसतं. दीड वर्ष तानपुऱ्याबरोबर सा लावल्यावर कान जागा होतो. आता तिला कळतं की आपला पंचम, म्हणजे प, किंचित खाली लागला. हे कळणं फार अचानक येतं आणि फार बोचतं. कालपर्यंत जे गाणं बिनदिक्कत म्हणत होती, त्याच्या पहिल्याच ओळीत तिला स्वतःच्या चार चुका ऐकू येतात. मग ती ओळ सोडून देते. नऊ ते बारा या वयात, शिकायला लागून एक-दोन वर्षं झाली की हा टप्पा येतो. सगळ्यांना येत नाही, पण ज्यांचा कान मुळात चांगला असतो त्यांना हमखास येतो.

दुसरं कारण भीती. गाणं म्हणजे कुणीतरी तपासणार, रागावणार, थांबवणार, असं मनात बसलं की मूल एकटं असतानाही गात नाही, कारण तो तपासणारा आता आत येऊन बसलेला असतो.

यातलं कुठलं, हे ओळखता येतं. चौकातल्या कर्ण्यावरची बेसूर आरती ऐकून ती तोंड वाकडं करते का? ओळ सुरू करून मध्येच सोडते, पुन्हा सुरू करते का? शब्द न म्हणता नुसतं तोंड मिटून काही चाललेलं असतं का, मांडीवर बोटं हलतात का? असेल तर घाबरू नका, ते कानाचं गप्प होणं आहे आणि ते काही महिन्यांत, फार तर वर्षभरात सुटतं. पण क्लासच्या दिवशी पोटात दुखत असेल, चप्पल घालायला वेळ लागत असेल, तिथून आल्यावर काय शिकवलं यावर "काही नाही" एवढंच उत्तर येत असेल, तुम्ही खोलीत गेल्यावर ती आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल, तर ते दुसरं आहे. ते आपोआप सुटत नाही. (दहाव्या वर्षी मुली तशाही दार लोटून घ्यायला लागतात. त्याचा गाण्याशी संबंध नसतो, तेवढं वजा करा.)

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते मला चुकीचं वाटत नाही, अर्धं वाटतं. मूल गातं ते आनंदाने, हे त्यांना दिसलं आणि तो आनंद गेला हेही त्यांनाच आधी दिसलं असावं. पण "निसर्गाने दिलेलं" म्हणून आपण जे एकत्र बांधतो, त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. स्वर ओळखणारा कान, ऐकलेलं लक्षात राहणं, गळ्याची लवचीकता, हे खरोखर जन्माचं, किंवा जवळजवळ जन्माचं. बाकीचं बरंचसं नक्कल असतं. टीव्हीवरच्या गायिकेचा आवाज मोठ्या बाईचा, ध्वनिमुद्रणात सजवलेला. सहा वर्षांची मुलगी तो काढायला जाते तेव्हा जबडा आवळते, हनुवटी वर करते, स्वर नाकात नेते. दोन-तीन वर्षांत ती सवय इतकी मुरते की आपल्याला वाटतं हाच तिचा मूळचा आवाज.

माझ्याकडे एक बारा वर्षांचा मुलगा होता. गोड गायचा, पण तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, जवळ गेला की मानेच्या शिरा फुगायच्या. मी त्याला जमिनीवर उताणं झोपायला सांगितलं, पोटावर त्याचीच गाण्याची वही ठेवली. म्हटलं, गाऊ नकोस, नुसता श्वास घे. वही हलेना, छाती मात्र वर-खाली होत होती. मग म्हटलं, झोप आल्यासारखा पड. पाचेक मिनिटांनी वही हळूहळू वर यायला लागली. तसंच पडल्यापडल्या "आ" म्हणायला सांगितला. जो आवाज आला तो त्याने स्वतः पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. रुंद, बिनघाईचा. उठून बसला आणि म्हणाला, "बाई, हा माझा नाही." मी म्हटलं, हाच तुझा आहे. पुढे वर्षभर आम्ही तो झोपलेला श्वास बसून, मग उभं राहून टिकवायचा प्रयत्न करत होतो. कंटाळवाणं काम होतं ते. रोज तेच. पण तो काही नवीन शिकत नव्हता, पाळण्यात असताना जो श्वास घेत होता तिथे परत जात होता.

मुलांच्या रियाजातला मोठा भाग असा काढून टाकण्याचा असतो. म्हणून "आधीचं विसरायचं" असं तुमच्या बाई म्हणतात त्यात तथ्य आहे. फक्त काय विसरायचं आणि काय जपायचं, हे त्यांनी तुमच्या मुलीपुरतं वेगळं करून पाहिलंय का, हा माझा प्रश्न आहे.

इथे तानपुऱ्याबद्दल थोडं लिहिते, कारण मला स्वतःला ही गोष्ट तिथे समजली. चार तारा असतात. पहिली पंचमाला, मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जाला, चौथी खर्जाला, म्हणजे खालच्या सा ला. गांधाराला, म्हणजे ग ला, एकही तार लावलेली नसते. तरी तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून स्पष्ट गांधार ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेतच असतो. तार जितक्या वेळा हलते त्याच्या पाचपट वेगाने हलणारा एक सूक्ष्म अंश तिच्यात असतो, तोच दोन सप्तकं वर गांधार होऊन कानावर येतो. म्हणजे संपूर्ण निसर्गाचा स्वर. पण तानपुरा नुसता हातात घेऊन छेडला तर तो ऐकू येत नाही. खुंट्या पिळायच्या, मणी केसभर सरकवायचे, घोडीवर तारेखाली सुताचा धागा पुढे-मागे करायचा, जवारी उघडेपर्यंत, म्हणजे तारेचा नाद मोकळा घुमेपर्यंत. हिवाळ्याच्या सकाळी मला कधीकधी अर्धा तास लागतो. एका क्षणी धागा जागेवर बसतो आणि गांधार उमलतो. तो मी वाजवलेला नसतो, पण अर्धा तास बसले नसते तर तो ऐकूही आला नसता.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या महिन्यात हे ऐकवते. आधी धागा काढून, मग बसवून. काहींना लगेच ऐकू येतं, काहींना चार महिने लागतात. ज्या दिवशी ऐकू येतं त्या दिवशी डोळे मोठे होतात.

याच गांधारावरून दुसरीही एक बाजू दिसते. बऱ्याच क्लासमध्ये मुलांना पेटीवर स्वर देतात. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेलं असतं, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्याच्या स्वयंभू गांधारापेक्षा थोडा चढा असतो, एका अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने. ऐकायला एवढासा फरक, पण चांगल्या कानाच्या मुलाला तो जाणवतो. पेटीला हीच उणीव आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेता येत नाही ही दुसरी, अशी चर्चा आपल्याकडे खूप जुनी आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीस वर्षांहून जास्त टिकली. मी पेटीच्या विरोधात नाही, साथीला ती मला हवीच असते. पण मूल तानपुऱ्याच्या गांधाराला जाऊन टेकतं आणि बाई पेटीची पट्टी दाबून म्हणतात "खाली लागला, वर घे", तेव्हा त्याचा बरोबर असलेला कान आपण चुकीचा ठरवतो. अशाने मुलं गप्प होतात. तुमच्या मुलीच्या क्लासमध्ये स्वर कशावर देतात ते एकदा पाहा. तानपुऱ्याचं मोबाइल ॲप असलं तरी चालेल, पण मुलांच्या कानात सतत षड्ज-पंचम हवेत.

आता माझी चूक सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी आली. वडील गावच्या भजनी मंडळात गाणारे, त्यांच्या मांडीवर बसून ती ऐकत वाढलेली. तिच्या गळ्यात मुरकी, म्हणजे झटकन फिरणारा स्वरांचा छोटा गुच्छ, अशी होती की आपण समजेपर्यंत होऊन जायची. मी तिला सरळ स्वर लावायला सांगितला तर सरळ स्वरातही ती हलायची. मी म्हटलं, मुरकी बंद. एकही हरकत नाही. दोन वर्षं मी हे कडकपणे पाळलं. तिचा षड्ज खांबासारखा उभा राहिला, परीक्षेत उत्तम गुण मिळाले, मला समाधान वाटलं.

मग एका एकादशीला मंडळात तिला अभंग म्हणायला सांगितलं. वडिलांनी नंतर मला सांगितलं, रागाने नाही, नुसतं सांगितलं. ती बसली, टाळ सुरू झाले, आणि तिने वडिलांच्या कानात म्हटलं, "बाईंनी तसं घ्यायचं नाही सांगितलंय." गायली नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिला तोच अभंग माझ्यासमोर म्हणायला लावला. म्हटलं, तुला येईल तसा म्हण. आली ती ओळ सरळ, स्वच्छ आणि निर्जीव. मुरकीच्या जागेशी आली की गळा अडायचा. आम्ही ती मुरकी उलगडून पाहिली. चार स्वर होते. ते सावकाश, एकेक, तिच्या आताच्या खणखणीत स्वरात म्हटले, मग थोडे जवळ आणले, मग आणखी. तीन महिन्यांनी मुरकी परत आली, आणि पूर्वीपेक्षा सुंदर आली, कारण आता तिच्यातला प्रत्येक स्वर ऐकू येत होता. पण वडिलांशेजारी बसून बिनधास्त गायला तिला त्यानंतर दोन वर्षं लागली. तेवढी दोन वर्षं मी तिची घेतली, असं मला अजून वाटतं.

सरळ स्वराचा आग्रह बरोबर होता. त्याच्याशिवाय मुरकी गढूळच राहिली असती. चूक बंदीची होती. मी तिला सांगायला हवं होतं की क्लासमधली ही पंचवीस मिनिटं सरळ स्वराची, आणि घरी वडिलांबरोबर गातेस ते तसंच गा, त्यात मी लक्ष घालणार नाही. मुलांना हे वेगळेपण सहज पाळता येतं. शाळेत प्रमाण भाषा आणि घरी आजीची बोली, हे ती रोज करतच असतात.

तेव्हापासून माझ्या वर्गात शेवटची दहा मिनिटं मुलांची असतात. कुणीही काहीही म्हणावं, सिनेमातलं, जाहिरातीतलं. मी दुरुस्त करत नाही. हे मी पहिल्या दिवशी पालकांनाही सांगते, कारण त्यांना ती दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. मला मात्र मुलाचा खरा गळा तिथेच कळतो. कुणाची तान आपोआप फिरते, कुणाला शब्द बोलावेसे वाटतात, कुणाला लय चढवायची घाई असते. दुसऱ्या दिवशीचा रियाज मी त्यावरून ठरवते.

मोठ्या गायकांची उदाहरणं मुलांच्या बाबतीत जपून द्यावीत, पण दोन-तीन इथे उपयोगी आहेत. कुमार गंधर्वांचं उदाहरण तुमच्या यजमानांना आवडेल. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेला हा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, मैफली व्हायच्या, "कुमार गंधर्व" ही पदवी त्याच वयातली. इतकं उपजत कुणाला मिळतं? तरीही वडिलांनी त्याला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला पाठवलं आणि तिथे तो बरीच वर्षं राहिला. पुढे क्षयाने फुप्फुसाला धरलं, माळव्यातल्या देवासला काही वर्षं गाण्यावाचून काढावी लागली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले ते छोट्या छोट्या, झपकन येणाऱ्या स्वरवाक्यांत. ज्याला आपण कुमारांची गायकी म्हणतो ती लहानपणच्या नकलेत नव्हती. ती शिकण्यातून, आजारातून, माळव्यातली लोकगीतं ऐकण्यातून आणि आपल्या श्वासाचं माप स्वीकारण्यातून आली.

दुसरं उदाहरण सवाई गंधर्वांचं, म्हणजे कुंदगोळच्या रामभाऊंचं. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यांचा आवाज मुळात सहज वळणारा नव्हता, तो त्यांनी मेहनतीने घडवला. त्यांच्याकडे भीमसेन जोशी शिकले आणि गंगूबाई हनगलही शिकल्या. हे दोन आवाज शेजारी ठेवून ऐका. गुरू एक, घराणं एक, तासन्‌तास घोटलेल्या त्याच जागा, आणि दोन माणसं इतकी वेगळी. गंगूबाईंचा आवाज तर तरुणपणी बारीक होता. घशाच्या दुखण्यानंतर तो जाड, पुरुषी झाला. जुना आवाज परत आणायच्या मागे न लागता त्या नव्या आवाजात गात राहिल्या.

यावरून मी एक परीक्षा ठरवली आहे आणि ती क्लास पारखायला तुम्हालाही वापरता येईल. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला जा. तीन-चार वर्षं शिकलेली मुलं ऐका. डोळे मिटल्यावर कोण गातंय हे ओळखू येतं का? की सगळ्यांच्या तोंडून बाईच गातायत? दुसरं असेल तर तिथली शिस्त कितीही चोख असो, ती मुलांच्या गळ्याची नाही.

आता शरीराचं. दहा वर्षांच्या मुलीचे स्वरतंतू आखूड आणि कोवळे असतात, त्यांचे थर अजून पुरते तयार व्हायचे असतात. तिचा सा पेटीच्या काळी पाचला (पाचव्या काळ्या पट्टीला) धरला तर तो म्हणताना ते सेकंदाला २३३ वेळा एकमेकांना भिडतात, तार षड्जाला ४६६ वेळा. दहा मिनिटं सलग तार षड्जावर काढली तर पावणेतीन लाखांवर वेळा. हे आकडे मी पालकांना मुद्दाम सांगते, म्हणजे "रोज दोन तास बसवा" म्हणताना ते जरा थबकतात. या वयाला सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं खूप झाली. दोन्ही वेळा जमत नसेल तर एक वेळ, पण रोज. रविवारी दोन तास आणि सहा दिवस काही नाही, याचा उपयोग शून्य. खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या स्वरांचा, रियाज तिच्याकडून करून घेत असतील तर थांबवा. मंद्र सप्तकातले ते खालचे स्वर तिच्या गळ्यात अजून नाहीतच, ते काढताना ती फक्त घसा दाबेल.

आणि पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते. वर्गात पंधरा मुलं असली की सगळ्यांना एकच पट्टी दिली जाते, बहुधा बाईंना सोयीची. तुमच्या मुलीची पट्टी वेगळी असू शकते. घरी करून बघा. तिला आरामात लागणारा सर्वांत खालचा स्वर काढायला सांगा, जोर न लावता. तिथून तीन-चार स्वर वर तिचा सा असायला हवा. क्लासमधला सा त्यापेक्षा फार वर किंवा खाली असेल, तर दीड वर्ष ती स्वतःच्या घरात दुसऱ्याचे बूट घालून चालतेय असं समजा. गाणं नकोसं व्हायला तेवढं पुरतं. बाईंना हे सांगताना अडखळू नका. चांगली शिक्षिका त्याच दिवशी पट्टी बदलेल.

पुढच्या तीन-चार वर्षांचाही विचार आत्ताच करून ठेवा. वयात येताना मुलग्यांचा आवाज साधारण सप्तकभर उतरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मुलींचाही बदलतो, थोडाच, पण बदलतो. काही महिने त्यात हवा मिसळल्यासारखी येते, वरचे स्वर अचानक दगा देतात. नुसत्या उपजत गळ्यावर गाणाऱ्या मुली मी या टप्प्यावर गाणं सोडताना पाहिल्या आहेत. काल येत होतं, आज येत नाही, आणि का येत नाही हे कळायला हाताशी काही नाही. ज्यांना श्वास कुठून घ्यायचा, सा कुठे टेकवायचा हे माहीत असतं, त्या तेवढे महिने खालच्या स्वरांत, हळू आवाजात काढतात आणि पलीकडे जातात. यजमानांना हे नक्की सांगा. निसर्गावर सोडू म्हणताना निसर्ग तेराव्या वर्षी काय करणार आहे तेही धरायला हवं.

तेव्हा आत्ता काय करायचं? बाईंना एकटं भेटा, मुलीला बरोबर नेऊ नका. तक्रार म्हणून जाऊ नका. तीनच गोष्टी विचारा. तिच्या गळ्यात तुम्हाला काय चांगलं दिसतं? कुठली सवय काढायची आहे? आणि बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं शब्दांचं गाणं, कधी सुरू करणार? पहिल्या प्रश्नाला त्यांच्याकडे नेमकं उत्तर असेल, म्हणजे "तिची लय पक्की आहे" किंवा "तिला वरचा धैवत सहज मिळतो" असं काही, तर त्या तिला ऐकतायत. मग क्लास सोडू नका. उत्तर नुसतं "छान आहे, मेहनत हवी" असं आलं, तर दुसरीकडे चौकशी सुरू करा. दीड वर्ष झाल्यावर भूपातली एखादी छोटी बंदिश मिळायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना शब्द लागतात. नुसत्या सरगमवर माझ्यासारखी चाळिशी ओलांडलेली बाई महिनोन्‌महिने राहू शकते, दहा वर्षांची मुलगी नाही. परीक्षेचा अर्ज भरायचा आग्रह चालला असेल तर हे वर्ष जाऊ द्या.

मारणं, सगळ्यांसमोर हसणं, आवाजावरून नावं ठेवणं, यातलं काहीही होत असेल तर मात्र महिनाअखेरची वाट बघू नका. त्या दिवशी क्लास बंद.

आणि घरी. पाहुण्यांसमोर "गाऊन दाखव" म्हणणं पूर्ण थांबवा. रियाज झाला का, हे दिवसातून एकदाच विचारा. तिच्या रियाजाच्या वेळी शेजारी बसायचं असेल तर गहू-तांदूळ निवडायला घेऊन बसा, तिच्याकडे बघत बसू नका. तिने म्हटलेलं चांगलं वाटलं तर कुठली जागा आवडली ते सांगा, "वा वा" नको. आणि ताई, तुम्ही स्वतः गुणगुणता का? स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, बेसूर का होईना? तिचं चार वर्षांचं गाणं कुठून तरी आलं असेल. ते पुन्हा सुरू करा. घरात चुकत गाणारं दुसरं माणूस असणं, या वयाच्या मुलांना याचा किती आधार असतो हे मी वारंवार पाहिलंय.

एवढं एक-दीड महिना करून पाहा, मग क्लासचं ठरवा. आणि मधल्या काळात एखाद्या संध्याकाळी तिच्या लोटलेल्या दारामागून अर्धीमुर्धी ओळ ऐकू आली, मध्येच थांबलेली, परत सुरू झालेली, तर आत जाऊ नका. यजमानांनाही हाक मारू नका. कुकर लावलेला असेल तर गॅस बंद करा, म्हणजे शिट्टी होणार नाही, आणि तिथेच ओट्यापाशी उभ्या राहा.